चढाया किती येणार?

प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामाआधी, २०१८ च्या लिलावात, यू मुंबाने सिद्धार्थ देसाई नावाच्या पोराला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा उंचापुरा, रुंद खांद्यांचा गडी लीगमध्ये त्याआधी एकही सामना खेळला नव्हता. त्या हंगामात त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली, त्या लिलावातली सगळ्यात मोठी. सातव्या हंगामात सिद्धार्थचे चढाईचे गुण झाले २१७. किंमत जवळपास चौपट, गुण एकाने कमी.

हे आकडे पाहून कुणी म्हणेल, पोरगा गुणी होताच, यू मुंबाने स्वस्तात हात मारला. ते खरंच आहे. पण गुणी पोरं दर लिलावात डझनाने येतात आणि त्यातली बरीचशी हंगामभर बाकावर बसून टाळ्या वाजवतात. सिद्धार्थचं वेगळं काय झालं हे कळायला नुसतं त्याच्याकडे बघून भागत नाही, यू मुंबाच्या यादीकडे बघावं लागतं. पहिले पाच हंगाम त्या संघाचा कर्णधार असलेला अनुप कुमार जयपूरला गेला होता. काशिलिंग आडके बंगळुरूला. श्रीकांत जाधव यूपी योद्धाकडे. आदल्या वर्षी संघाच्या चढायांचा मोठा वाटा उचलणारे तिघे एकदमच यादीतून गेले होते, आणि त्यांच्या चढाया कुणाला तरी कराव्याच लागणार होत्या. टायटन्समध्येही तीच गत. पहिल्या हंगामापासून तिथला मुख्य चढाईपटू असलेला राहुल चौधरी सातव्या हंगामाआधी तमिळ थलैवाजकडे गेला. दोन्ही वेळा सिद्धार्थ रिकाम्या जागेवर आला.

नव्या चढाईपटूचं मोल त्याच्या वाट्याला येऊ घातलेल्या चढायांवरून कसं जोखायचं, हा पुढच्या पानांचा विषय. मोबाइलवर 'टीम लावणाऱ्या' प्रत्येकाला हा प्रश्न हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात पडतो. शंभर क्रेडिट हातात, सात खेळाडू निवडायचे, त्यातला एक कॅप्टन, त्याचे गुण दुप्पट. एक व्हाइस कॅप्टन, त्याचे दीडपट. मोठ्या नावांना क्रेडिट भरपूर लागतात. ती दोन-तीन घेतली की उरलेल्या जागा स्वस्त खेळाडूंनी भराव्या लागतात, आणि स्वस्त खेळाडूंत बहुतेक नवखे. तिथेच सगळा खेळ फिरतो.

खान्देशातल्या प्रेक्षकाला या कामात एक सोय आहे. प्रो कबड्डीच्या बारा संघांत जळगाव नाही, धुळे नाही, नंदुरबार नाही. २०२३ मध्ये गहुंज्याच्या मैदानावर क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तिच्या सहा संघांतही खान्देशाचं नाव नव्हतं. जवळचं म्हणजे नाशिक. मुंबईकर यू मुंबाच्या रेडरला कॅप्टन करतो कारण तो आपला, पुणेकर पुणेरी पलटणच्या. अंमळनेर किंवा शिरपूरचा माणूस त्या ओढीतून सुटलेला असतो. कट्ट्यावर तो विचारतो, "आज कोन खेळी राह्यना, भो?" आणि प्रश्नातच निम्मं शहाणपण आलेलं असतं. कोण चांगला, हे तो विचारत नाही. कोण खेळतोय, हे विचारतो.

कबड्डी इथे काही टीव्हीवरून आलेली नाही. भुसावळ हा मध्य रेल्वेचा विभाग, धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६. खेळाच्या जोरावर रेल्वेत किंवा पोलिसांत चिकटता येतं हे इथल्या तालमी आणि मंडळांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत, गावोगाव वजनी गटाच्या स्पर्धा आहेत. अशा स्पर्धेत मैदानाच्या दोरीला टेकून उभा असलेला म्हातारा पाच मिनिटांत सांगतो, या संघाचं सगळं त्या लाल चड्डीवाल्यावर आहे. तो गुण मोजत नसतो. मध्यरेषेकडे पुन्हा पुन्हा कोण चालत जातोय एवढंच बघत असतो.

बैलबाजारातली पारखही याच जातीची. नव्या गोऱ्ह्याचे दात बघतात, वशिंड बघतात, चाल बघतात. पण घेणाऱ्याच्या डोक्यात हिशेब असतो तो घरी औताला दुसरा बैल कोणता आहे आणि याच्या मानेवर किती दिवस जू येणार, याचा.

आता मोजणीकडे. कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा, वीस-वीसचे दोन डाव. एका चढाईला तीस सेकंद. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात, म्हणजे कागदावर एकूण ऐंशी चढाया आणि एका संघाच्या वाट्याला चाळीस. प्रत्यक्षात काही चढाया दहा सेकंदांत आटोपतात, काही ठिकाणी वेळ थांबतो, पण चाळीस हा आकडा मनात धरून चालायला हरकत नाही. संघाची ही एकूण शिदोरी जवळजवळ ठरलेली आहे, आणि हेच या खेळाचं वैशिष्ट्य. फुटबॉलमध्ये एका संघाकडे चेंडू जास्त वेळ राहू शकतो. कबड्डीत समोरच्याची चढाई संपली की तुमची पाळी येतेच. म्हणून प्रश्न उरतो तो वाटणीचा.

चाळीसपैकी मुख्य चढाईपटू पंधरा-वीस घेतो. दुसरा दहा-बारा. उरलेल्या तिसऱ्याला, अष्टपैलूला आणि कधीमधी कोपऱ्यातल्या बचावपटूलासुद्धा. नवखा यातल्या कोणत्या पायरीवर उभा आहे, यावर त्याचं मोल ठरतं. समजा एक नवखा इतका चपळ आहे की दर दहा चढायांत सात गुण आणतो, पण त्याला आठच चढाया मिळतात. दुसरा साधारण, दहा चढायांत पाच गुण आणणारा, पण त्याला वीस मिळतात. पहिल्याचे साडेपाचच्या आसपास, दुसऱ्याचे दहा. टाळ्या पहिल्याला पडतील, त्याच्या एका उडीची चित्रफीत फोनाफोनी फिरेल. टीममध्ये दुसरा हवा.

अर्थात चढाया म्हणजे निव्वळ आकडा नव्हे. तिसऱ्या चढाईचा नियम हिशेब तिरपा करतो. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'करो या मरो': गुण आणा, नाहीतर बाहेर जा. पुष्कळ प्रशिक्षक या चढाईला मुख्य खेळाडूला पाठवत नाहीत. तो बाद झाला तर संघाचा कणाच मोडतो, म्हणून बळी द्यायला नवखा पुढे. अशा पोराच्या सामन्यात चार-पाच चढाया होतात, त्यातल्या बहुतेक सगळ्या जिवावरच्या. समोर सहा-सात बचावपटू वाट पाहत उभे असतात. त्यांना ठाऊक असतं की हा रिकाम्या हाताने परतू शकत नाही. त्या पोराचे आकडे वाईट दिसले तर ते त्याच्या कुवतीचे आकडे नाहीत. आणि तोच पोरगा पुढच्या महिन्यात दुसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू झाला, साध्या चढायांवर जाऊ लागला, बोनस रेषा ओलांडू लागला, तर त्याच अंगाने दुप्पट गुण आणेल. बोनस मिळायला समोर किमान सहा बचावपटू लागतात, तेव्हा ती संधीही डावाच्या ठरावीक वेळीच येते.

दुसरी गुंतागुंत बाकाची. पकडला गेलेला चढाईपटू बाहेर बसतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आत येतो, तेही बाद झालेल्या क्रमाने. म्हणजे चढाईपटूला मैदानावर परत आणण्याचं काम बऱ्याचदा त्याच्या मागचे बचावपटू करतात. सिद्धार्थच्या पदार्पणाच्या हंगामात यू मुंबाचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली, डाव्या कोपऱ्याचा बादशहा. त्या हंगामात त्याने पकडींचे ८३ गुण घेतले. फझलच्या प्रत्येक पकडीने समोरचा एक बाहेर गेला, आणि यू मुंबाचं कुणी बाहेर असेल तर एक आत आला. आत येणारा अनेकदा सिद्धार्थच असणार. म्हणून नव्या चढाईपटूची किंमत करताना त्या संघाचे दोन्ही कोपरे कोण सांभाळतंय हे पाहायचं विसरू नये. वाचणाऱ्याला हे आडवळणाचं वाटेल. पण दुबळ्या बचावाच्या संघातला उत्तम चढाईपटू सामन्यातली कितीतरी मिनिटं टॉवेल गळ्यात टाकून काढतो, हे कुणीही डोळ्यांनी बघू शकतं.

जागा रिकामी होण्याचे दोन मार्ग. लिलावातली उलथापालथ आधी कळते. दुखापत कळत नाही.

८ ऑक्टोबर २०२२. नवव्या हंगामातला तमिळ थलैवाजचा पहिला सामना, समोर गुजरात. थलैवाजने त्या वर्षी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं, लीगच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी बोली. पवन सामन्याच्या सुरुवातीलाच गुडघा धरून कोसळला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. त्या संध्याकाळी ज्यांनी पवनला कॅप्टन केलं होतं त्यांचं दुःख वेगळं सांगायला नको. संघात नरेंदर कंडोला नावाचा एक नवखा होता. पवनच्या वाट्याच्या चढाया आता त्याच्याकडे आणि महाराष्ट्राच्या अजिंक्य पवारकडे वळल्या. हंगाम संपला तेव्हा नरेंदरच्या नावावर चढाईचे २४३ गुण होते, आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले होते. पवन धडधाकट राहता तर नरेंदर दुसरा किंवा तिसरा चढाईपटू म्हणून हंगाम काढता. कसब तेच, पाय तेच, हात तेच. आकडा मात्र निम्म्यावर आला असता.

इथे अमेरिकेकडे एक नजर टाकायला हवी, कारण हा हिशेब तिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात बारकाईने मांडला गेला. ऑकलंडच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मित्रांसोबत बसून फँटसी फुटबॉलचे, म्हणजे तिथल्या 'टीम लावण्या'चे, नियम लिहिले, आणि १९६३ मध्ये पहिली निवड झाली. त्यांच्या फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' म्हणून एक खेळाडू असतो. चेंडू पोटाशी धरून समोरच्या फळीत घुसायचं हे त्याचं काम. आपल्या चढाईपटूचा हा लांबचा भाऊबंदच. फरक इतकाच की त्याला पडल्यावर बाहेर बसावं लागत नाही, उठून पुन्हा धावायचं असतं. तिथले फँटसी खेळणारे दर उन्हाळ्यात नव्या रनिंग बॅकविषयी एकच प्रश्न विचारतात: याच्या हातात चेंडू किती वेळा दिला जाणार?

२०१७ साली कॅन्सस सिटीच्या संघाने करीम हंटला नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत, ८६ व्या क्रमांकावर घेतलं. मुख्य जागा स्पेन्सर वेअरची होती. हंगामाआधीच्या सराव सामन्यात वेअरचा गुडघा गेला आणि हंट पुढे आला. पहिल्या सामन्यात पहिल्याच धावेला त्याच्या हातातून चेंडू सुटला. प्रशिक्षकाने त्याला बसवला असता तर कुणी दोष दिला नसता. बसवला नाही. त्याच सामन्यात त्याने २४६ यार्ड काढले आणि वर्षअखेर २७२ वेळा चेंडू घेऊन १,३२७ यार्डांसह धावण्यात साऱ्या लीगमध्ये पहिला आला. नरेंदरची गोष्ट पाच वर्षं आधी, दुसऱ्या खंडात घडून गेली होती म्हणा ना.

त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्सच्या अॅल्विन कमाराने मात्र हा सिद्धांत मानायचं नाकारलं. त्याला धावायला चेंडू मिळाला फक्त १२० वेळा, तरी ७२८ यार्ड. शिवाय ८१ झेल. कमी कामात जास्त फळ देणारे असे खेळाडू असतात, नाही असं नाही. पण कमारासारखा पुढच्या वर्षी पुन्हा सापडेल म्हणून शोधत बसणारे बहुतेक हरतात. चांगला दर टिकवणं अवघड असतं, कामाचा वाटा त्या मानाने टिकाऊ. शिवाय कमाराच्या झेलांकडे नीट पाहिलं तर त्यातही एक दडलेला कामाचा वाटा होताच. लोक फक्त धावा मोजत होते.

कबड्डीत उलटं टोक पाहायचं तर पुणेरी पलटण. दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटणने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. पण चढाईच्या गुणांची यादी काढली तर पलटणचा एकही खेळाडू दोनशेपर्यंत पोचलेला नाही. अस्लम, मोहित गोयत, नाशिककडचा आकाश शिंदे, पंकज मोहिते. चढाया चौघांत वाटलेल्या. संघासाठी ही व्यवस्था उत्तम. एक जखमी झाला तरी गाडा थांबत नाही, आणि कुणाला रोखायचं हे समोरच्याला कळत नाही. नवव्या हंगामाच्या उपांत्य सामन्यात पंकजने भार उचलला आणि थलैवाजला ३९-३७ नमवून पलटण अंतिम फेरीत गेली, हे याच वाटणीचं फळ. टीम लावणाऱ्यासाठी मात्र हाच संघ डोकेदुखी. आज आकाशच्या पंधरा चढाया, उद्या पाच. ज्या वर्षी पलटण जिंकली त्या वर्षी दबंग दिल्लीचा आशू मलिक चढाईच्या पावणेतीनशे गुणांच्या घरात गेला, कारण नवीन कुमार जखमी होऊन बाहेर गेल्यावर दिल्लीची शिदोरी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आली होती. विजेत्या संघातला नवखा घ्यावा ही समजूत म्हणून फसवी. पडत्या संघाच्या एकुलत्या एका चढाईपटूकडे जास्त काम असतं.

फक्त एक सावधगिरी. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत चढाया वेळ काढण्यासाठी करतो: मध्यरेषेपासून थोडं पुढे, निदान रेषा ओलांडायची आणि परत. चढाई मोजली जाते, गुण येत नाही. अमेरिकेत आघाडीवरचा संघ घड्याळ पळवायला रनिंग बॅकलाच चेंडू देत राहतो, म्हणून तिथे जिंकणाऱ्या संघाचा धावणारा फायद्यात असतो. इथे पिछाडीवरचा. तिकडचे ठोकताळे जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

बोलीच्या रकमेवर किती विसंबावं? सुरुवातीच्या चार-पाच सामन्यांपुरतं. ज्याच्यावर कोटभर खर्च केले त्याला प्रशिक्षक पहिल्यांदा पाठवणार, मालक समोर बसलेला असतो. त्यानंतर मैदान बोलायला लागतं. सिद्धार्थचंच पाहा: आठव्या हंगामात टायटन्सकडे असताना काही सामन्यांतच तो खांद्याच्या दुखापतीने बाहेर पडला आणि रजनीश दलालच्या चढाया वाढल्या. हंगाम टायटन्सचा भीषण गेला, बावीस सामन्यांत एक विजय. पण रजनीशला टीममध्ये ठेवणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही.

कबड्डीबरोबर क्रिकेटचाही विचार केल्याशिवाय इथल्या वाचकाचं समाधान होणार नाही, कारण खान्देशात टीम लावणाऱ्यांची पहिली शाळा आयपीएलच. तिथे चढायांच्या जागी चेंडू. वीस षटकांत १२० चेंडू, त्यातले फलंदाजाला किती मिळणार हे त्याच्या क्रमांकावर. गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटकं, म्हणजे २४. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येणारा नवखा कितीही लांब मारणारा असो, त्याला आठ-दहा चेंडूंत सगळं उरकायचं असतं.

तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि चेन्नईने त्याच्यावर दीड कोटी लावले. त्या हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. पुढच्या वर्षी ३१ मार्चला अहमदाबादेत, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, त्याने गुजरातचे तीन बळी घेतले. दुसऱ्या दिवशी किती जणांनी त्याला टीममध्ये घेतलं असेल याची कल्पना करता येते. त्या हंगामात तो एकूण दोन सामने खेळला. त्याच संघात कल्याणचा तुषार देशपांडे होता, वीस लाखांचा. मुकेश चौधरी पाठीच्या दुखण्याने हंगामाबाहेर गेला, दीपक चाहरच्या दुखापती चालूच होत्या, आणि तुषारच्या हातात चेंडू राहिला. षटकामागे त्याने जवळपास दहा धावा दिल्या. समालोचक त्याच्यावर तुटून पडत होते. हंगामाअखेर त्याचे बळी झाले २१. फँटसीच्या गुणपत्रकाला महागड्या षटकांपेक्षा बळींची जास्त माया असते, आणि बळी मिळायला आधी षटकं मिळावी लागतात.

२०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडच्या कोपराला दुखापत झाली आणि विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे चेन्नईकडे आला. वानखेडेवर पदार्पणात १५ चेंडूंत ३२, मे महिन्यात बंगळुरूत ४८ चेंडूंत ९४. वरच्या फळीतली जागा मिळाली म्हणून हे चेंडू मिळाले. मात्र जागा मिळणं म्हणजे गुण मिळणं नव्हे, हे सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीला विचारावं. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून ५४ चेंडूंत ११७ धावा, तेरा षटकार, त्याच सामन्यात चार बळी. २०२४ च्या एप्रिलमध्ये लखनौने त्याला मुंबईविरुद्ध थेट सलामीला पाठवलं. पहिल्याच चेंडूवर तो बाद झाला. कामाचा अंदाज बरोबर असूनही गुण शून्य येऊ शकतात. एका सामन्यावरून हिशेब चुकला असं ठरवू नये, आणि एका सामन्यावरून जमला असंही.

पैशांचा विषय टाळून चालणार नाही. २००८ मध्ये हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ड्रीम इलेव्हन सुरू केलं. हा कौशल्याचा खेळ की जुगार, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कौशल्याच्या बाजूने कौल दिला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि पैसे लावण्याच्या स्पर्धा बंद झाल्या. आखाजीला पत्त्यांचे डाव मांडण्याची रीत असलेल्या मुलखात या कायद्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात. पण या पानांपुरतं सांगायचं तर बंदीने हिशेब बिघडला नाही, उलट स्वच्छ झाला. ४९ रुपये भरून कोटीचं स्वप्न पाहणारा माणूस मुद्दाम कुणी न घेतलेला खेळाडू घ्यायचा, कारण लाखोंच्या गर्दीतून वर यायचं तर वेगळं काहीतरी लावावं लागे. त्याला चढायांचा अंदाज नको होता, लॉटरी हवी होती. आता मित्रामित्रांत, गुणांसाठी टीम लावणाऱ्याला चढाया मोजायला सवड आहे.

मोजणी सुरू करायला फार साहित्य लागत नाही. गेल्या हंगामाची संघयादी, या हंगामाची संघयादी, कोण गेला त्याच्या नावावर रेघ, आणि त्याच्या चढाया कंसात. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक सामन्यात कोण किती वेळा गेला, त्यातल्या किती करो या मरो, किती वेळ बाकावर. नवखा डाव्या बाजूने चढाई करतो की उजव्या, हेही टिपावं. संघातले बाकीचे सगळे एकाच बाजूचे असतील तर दुसऱ्या बाजूचा म्हणून प्रशिक्षक त्याला काम देतोच. सात कोण उतरणार हे सामन्याआधी थोडा वेळ कळतं, तेवढ्यात बदल करायचा.

पटणा पायरेट्सच्या यादीवर हा प्रयोग कुणीही करून पाहावा. अकराव्या हंगामाआधी त्यांचा सचिन तंवर २ कोटी १५ लाखांना थलैवाजकडे गेला. त्याच्या नावावर रेघ मारली की खाली उरतात ते देवांक दलाल, जो आधी जयपूरकडे असताना फारसा दिसलाच नव्हता, आणि अयान लोहचब, अगदी कोरा. देवांकने त्या हंगामात २५ सामन्यांत चढाईचे ३०१ गुण घेतले, अयानने १८४, आणि पटणा २९ डिसेंबर २०२४ ला पुण्याच्या बालेवाडीत अंतिम सामना खेळलं. मग देवांकवर बंगाल वॉरियर्सने २ कोटी २० लाख ५० हजारांची बोली लावली. बारावा हंगाम २९ ऑगस्ट २०२५ ला विशाखापट्टणममध्ये सुरू झाला, पैशांच्या स्पर्धा बंद होऊन आठवडाच झाला होता. पटण्याच्या यादीत आता देवांकच्या नावावर रेघ होती आणि कंसात त्याच्या पंचवीस सामन्यांच्या चढाया. त्याच्या खालचं नाव अयान लोहचब.